भिंतीला हात लावण्याआधी

हैदर सरांना सर म्हणायला लोकांनी उशिराच सुरुवात केली. त्याआधी बरीच वर्षं ते हैदर पेंटर होते. औरंगपुऱ्यातल्या कापडाच्या दुकानांपासून चिकलठाण्याच्या वर्कशॉपपर्यंत, पाटी असो, शटर असो की टेम्पोची मागची फळी, जिथं अक्षर लागेल तिथं त्यांचा ब्रश पोचायचा. मराठी, उर्दू आणि इंग्रजी, तिन्ही लिप्यांत हात सारखाच चालायचा. चित्र मात्र जमत नसे. गिऱ्हाइकानं कोंबडा काढून मागितला, तर ते सरळ दुसऱ्या पेंटरकडे पाठवत. "माझा कोंबडा तुम्हाला बदक म्हणून विकावा लागेल," असं म्हणत.

ब्रश धरायला त्यांना बासित उस्तादांनी शिकवलं. उस्तादांचा एक शिरस्ता होता. एखाद्या भिंतीवर आधी दुसऱ्या पेंटरचं काम असेल, खाली कोपऱ्यात त्याचं नाव असेल, तर चुना मारण्याआधी त्या पेंटरला गाठायचं, चहा पाजायचा आणि विचारायचं, "हात लावू का?" समोरचा कधी नाही म्हणत नसे. विचारलं नाही तर मात्र मनात ठेवत असे. अशाच एका पेंटरला शोधायला उस्ताद एकदा बसनं जालन्याला गेले. तो घरी सापडला नाही, तर दुसऱ्या दिवशी परत गेले. इकडे दुकानदार वैतागला. "अहो उस्ताद, भिंत माझी आहे ना?" उस्ताद म्हणाले, "भिंत तुमचीच आहे शेठ. अक्षरं त्याची आहेत."

पुढे फ्लेक्स आला आणि ब्रशची कामं आटली. बरोबरीच्या कुणी रिक्षा घेतली, कुणी घरांना रंग द्यायला लागले. हैदर पेंटरनी चाळिशी ओलांडल्यावर कम्प्युटर शिकायला घेतला. आपल्यापेक्षा निम्म्या वयाच्या पोरांच्या शेजारी बसून ते माउस फिरवायला शिकले. काही वर्षांनी औरंगपुऱ्यात, एका स्टेशनरीच्या दुकानावरच्या खोलीत त्यांनी स्वतःचा डीटीपी आणि डिझाइनचा क्लास काढला. तेव्हापासून ते सर झाले.

क्लासचा पहिला तास मात्र कम्प्युटरवर होत नसे. सर प्रत्येकाला एक कोरा कागद देत आणि फोन बॅगेत ठेवायला लावत. मनात येईल ते काढा आणि खाली कोपऱ्यात नाव घाला. तासभर कुणी घर काढी, कुणी मोटारसायकल. मग सर सगळे कागद गोळा करत, पत्त्यांसारखे पिसत आणि ज्याच्या हाती जो येईल तो वाटून टाकत. वर एकेक ब्लेड.

"आता कोपरा कापा. नाव काढून टाका आणि स्वतःचं घाला."

सुरुवातीला सगळे हसत. कुणीतरी म्हणे, "सर, याच्यापेक्षा माझंच बरं होतं." कोपरे कापले जात, नवी नावं पडत, कागद भिंतीला लागत. आणि मग हसणं हळूहळू थांबे. आपली मोटारसायकल दुसऱ्याच्या नावानं टांगलेली पाहून जो तो उठून तिच्याजवळ जाई आणि कापलेला कोपरा निरखी.  सर सगळ्यांना पुरेसं बघू देत. नंतर सांगत, "हे जे आता वाटतंय ना, ते ध्यानात ठेवा. कायद्याची कलमं मी नंतर सांगतो."

आणि खरोखरच नंतर सांगत. चित्र काढलं की त्याच क्षणी ते काढणाऱ्याचं होतं. त्यासाठी कुठं नोंद लागत नाही, कुणाचा शिक्का लागत नाही. ते विकलं तरी 'हे मी काढलंय' म्हणण्याचा हक्क विकला जात नाही. नेटवर दिसतं म्हणजे ते रस्त्यावर पडलेलं आहे असं नाही. वापरायला मोकळी ठेवलेली चित्रं असतात, ती कशी ओळखायची, कुणाला विचारायचं, नाव कुठं द्यायचं, सगळं ते शांतपणे समजावत. फोटोवरचा मालकाच्या नावाचा पुसट शिक्का घालवायचा कसा, असं एखाद्यानं विचारलं तर म्हणत, "ते मी शिकवत नाही. दाराचं कुलूप कसं तोडायचं, हे सुतार शिकवतो का?"

यंदाच्या तुकडीत तनुजा नावाची मुलगी होती, कन्नड तालुक्यातल्या पिशोरची. मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहायची. कमी बोलायची, पण हातात पेन्सिल आली की कागदावर जिवंत माणसं उतरवायची. तिचे वडील, कडुबा मोकासे, शेती करणारे. त्यांनी पोरीला साफ सांगितलं होतं, "क्लास संपला की काम लागलं तर ऱ्हा शहरात. नाय लागलं तर गुमान घरी ये. नुसतं खोलीभाडं भरत बसायचं नाय."

क्लास संपत आला होता. तेवढ्यात शहरातल्या एका छापखान्याच्या मालकांनी सरांना फोन केला. लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढणारा हात हवा होता. "तुमच्या भरवशाचं एक नाव सांगा आणि फाइल पाठवा, पोळा झाला की सोमवारी बघतो." सरांनी तनुजाला बोलावून फाइल तयार करायला सांगितली. तिनं नुसती मान हलवली, पण जिना उतरताना ती दोन-दोन पायऱ्या टाकत गेली, हे वरून सरांना दिसलं.

पोळा दोन दिवसांवर आला असेल. सर संध्याकाळी स्कूटरवरून चिकलठाण्याला घरी निघाले होते. तिथं जालना रोडला लागून सांडूशेठचं पशुखाद्याचं दुकान आहे. दुकानाच्या बाजूच्या भिंतीवर सरांचं जुनं काम होतं, 'सांडू पशुखाद्य भांडार', जाड पिवळी अक्षरं, निळी सावली, कोपऱ्यात 'हैदर पेंटर'. रोज येता-जाता त्या भिंतीकडे एक नजर टाकायची त्यांची सवय. त्या दिवशी नजर टाकली, तर अक्षरं गायब. त्यांच्यावर मोठा फ्लेक्स ताणून बसवलेला. पोळ्याच्या शुभेच्छा, हात जोडलेले सांडूशेठ, खाली हसणारा पुतण्या आणि मधोमध सजवलेला बैल. एक शिंग थोडं कानाकडे वाकलेलं, त्याला बेगड, गळ्यात घुंगुरमाळ.

आपल्याला कुणी विचारलं नाही, हे सरांना लागलं. आता असं विचारायची रीत राहिली नाही, हे त्यांनाही माहीत होतं, तरी लागलं. मागच्या टेम्पोनं हॉर्न दिला आणि ते पुढे निघाले.

दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये तनुजानं फाइल त्यांच्यापुढे ठेवली. सगळ्यांत वर तोच बैल. वाकलेलं शिंग, बेगड, घुंगुरमाळ.

सरांचा चेहरा बदलला. "हे कुठून घेतलं?"

"घेतलं नाही सर. काढलं."

"काल मी हेच चित्र जालना रोडला पाहिलं. चांगलं भिंतीएवढं."

"ते माझं नसंल सर."

"तुझं नाही, तेच म्हणतोय मी."

खोलीतला कीबोर्डांचा आवाज थांबला. तनुजा काही बोलायला गेली, पण सर थांबले नाहीत. कालपासून साठलेलं सगळं बाहेर पडलं. "पहिल्या दिवशी ब्लेड कशाला दिली होती तुमच्या हातात? खेळायला? मी ज्या माणसाला शब्द दिलाय, त्याच्याकडे रस्त्यावरचं उचललेलं चित्र पाठवू? ही फाइल जाणार नाही."

तनुजानं फाइल मिटली. "सर, तुम्ही मला विचारलंच नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "सांगूनच टाकलं." बॅग घेऊन ती खाली उतरली. या वेळी एकेक पायरी.

पोळ्याच्या दिवशी क्लासला सुट्टी होती. दुपारी जेवताना सरांनी बायकोला, शहजादींना, सगळं सांगितलं. एवढी चांगली पोरगी, आणि असं करावं. शहजादींनी ताटात भाजी वाढता वाढता विचारलं, "तुम उसकू पूछे क्या?"

"पूछना क्या? मैं अपनी आँखोंसे देखा."

"हौ, देखे होंगे. मैं देखे क्या नहीं बोल रही. पूछे क्या, बोलके पूछ रही."

सरांनी ताट संपवलं. मग चप्पल घातली आणि पायीच सांडूशेठच्या दुकानापर्यंत गेले. दुकान बंद होतं. लख्ख ऊन पडलं होतं. ते भिंतीसमोर उभे राहिले आणि पहिल्यांदा तो फ्लेक्स नीट पाहू लागले.

बैलाच्या अंगावर पोळ्याला लिहितात तसं गेरूनं काहीतरी लिहिलेलं होतं. त्यातलं अर्धं शेठच्या मोबाइल नंबरखाली झाकलं गेलं होतं. उरलेलं अर्धं उलटं होतं, आरशात दिसावं तसं. चित्रातल्या खाणाखुणा सरांच्या नजरेतून सुटल्या असत्या, अक्षर सुटणं शक्य नव्हतं. त्या दिवशी अंधार पडत आला होता आणि डोक्यात राग होता, म्हणून तेवढं सुटलं. तनुजाच्या फाइलमधल्या बैलाच्या अंगावर सरळ, स्वच्छ अक्षरांत 'पाखऱ्या' असं लिहिलेलं त्यांना आता आठवलं. फ्लेक्सवर झाकलेलं नाव तिला कळणार कुठून? तिनं फ्लेक्सवरून काढलं नव्हतं. तिच्या चित्रावरून फ्लेक्स झाला होता, तेही चित्र उलटं करून.

फ्लेक्सच्या तळाशी बारीक अक्षरांत छापणाऱ्या दुकानाचं नाव होतं. त्या दुकानात अर्धा दिवस काम करणारा मुलगा सकाळी सरांच्याच क्लासला यायचा. विश्वजीत त्याचं नाव. तनुजाला बोलणी बसली तेव्हा तो तिसऱ्या कम्प्युटरवर मान खाली घालून बसला होता.

दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर सरांनी त्याला थांबवून घेतलं.

"चित्र उलटं का केलंस?"

कोणतं चित्र, असं विश्वजीतनं विचारलं नाही. "शेठचा फोटो उजवीकडंच पाहिजे होता सर. बैल सरळ ठेवला असता तर त्याची शेपटी शेठच्या तोंडावर आली असती."

सरांना हसू आवरावं लागलं. "आणि तिचं नाव? खाली कोपऱ्यात होतं ते?"

"तिथं पुतण्या आला."

"तिला विचारावंसं नाही वाटलं?"

"क्लासच्या कम्प्युटरवर होतं ना सर. तिनं स्कॅन करून ठेवलेलं. मला वाटलं क्लासचंच. घरातलं मीठ-मिरची घेताना आपण विचारतो व्हय?" मग तो खाली बघत म्हणाला, "तुम्ही तिला बोलला तेव्हा कळलं. पण तुम्ही लई तापले होते. आणि आमच्या मालकाला कळलं असतं तर मला काढलंच असतं."

"मालकाला मी सांगतो. तुझी चूक आहेच, पण तू एकट्यानं केलेली नाहीस. उद्या रविवार आहे. सकाळच्या पिशोरच्या बसला माझ्याबरोबर चल."

"फोन केला तर नाही चालणार सर?"

"ती पोळ्याला गावी गेलीय आणि फोन बंद आहे. आणि चालू असता तरी गेलोच असतो."

पिशोरला मोकासेंचं घर सापडायला वेळ लागला नाही. दारापुढे लिंबाखाली बैल बांधलेला होता. अंगावरचा गेरू अजून पुरता गेला नव्हता आणि एक शिंग कानाकडे वाकलेलं होतं. विश्वजीत त्याच्याकडे बघतच राहिला. ज्याला त्यानं स्क्रीनवर एका बटणात फिरवलं होतं, तो आता शेपटीनं माश्या वारत त्याच्याकडे बघत होता.

कडुबा बाहेर आले. तनुजाही दारात आली आणि तिथंच थांबली.

"हे सर, आप्पा," ती म्हणाली.

"तुम्हीच का माझ्या लेकीला चोर म्हणणारे?"

"व्हय," हैदर सर म्हणाले. "मीच."

कडुबांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. कबूल करायला एवढ्या लांबून आलेला माणूस त्यांनी बहुधा पाहिला नसावा. "बसा मग," ते म्हणाले. "चहा घ्या."

चहा येईपर्यंत विश्वजीतनं सगळं सांगून टाकलं. सांगताना त्याचे कान लाल झाले होते. "तुझं चित्र मी नेलं. विचारलं नाही. नाव पण काढलं."

"आन् बैल माझा," कडुबा मध्येच म्हणाले. "मला कोण पुसलं?"

"मी पुसलं होतं आप्पा," तनुजा म्हणाली. "तुम्ही म्हणला, काढ, पण त्याचं शिंग सरळ करू नको."

कडुबा हसले. मग बाकीचेही थोडे सैल झाले. तनुजा मात्र हसली नाही. सर तिच्याकडे वळले. "मी तुला विचारायला हवं होतं. ज्या गोष्टीसाठी दुसऱ्यांना बोलत आलो, तीच मी केली."

"सगळ्यांसमोर बोलला होता सर."

"सगळ्यांसमोरच परत घेईन. उद्या फाइल घेऊन ये. आणि त्या फ्लेक्सचं तू सांग. चित्र तुझं आहे. उतरवायला लावायचा की राहू द्यायचा?"

तिनं बैलाकडे पाहिलं. पुढे होऊन त्याच्या मानेवरून हात फिरवला. कडुबा या वेळी मध्ये पडले नाहीत.

"राहू द्या," ती शेवटी म्हणाली. "पण नाव पायजे."

सोमवारी सरांनी तास सुरू होण्याआधी उभं राहून आपले शब्द परत घेतले. लांबण लावली नाही. "तनुजाचं चित्र तिचंच आहे. मी न विचारता तिच्यावर आळ घेतला. ज्यांनी तो ऐकला, त्यांनी हेही ऐकावं." तनुजा पहिल्या बाकावर मांडीवर फाइल घेऊन बसली होती. ती फाइल सरांनी स्वतः उचलली आणि ते तनुजाबरोबर छापखान्यापर्यंत गेले.

तिथून सर, तनुजा आणि विश्वजीत चिकलठाण्याला सांडूशेठकडे गेले. सरांनी गोष्ट सांगितली, तसे शेठ गल्ल्यावरून उठून बाहेर आले आणि आपल्याच फ्लेक्सकडे नव्यानं बघू लागले.

"हे मानसानं काढलंय व्हय, हैदरभाई? मला वाटलं, कम्प्युटरनं काढलं."

"कम्प्युटरला पाखऱ्या कुठून माहीत असणार शेठ."

"पाखऱ्या कोण?"

"बैल. त्यांच्या घरचा."

"आसं." शेठ वाकलेल्या शिंगाकडे बघत राहिले. "मी म्हणलंच, हे शिंग उगं नाय आसं. आमच्या आज्याकडं होता एक, आगदी ह्याच शिंगाचा. लिवा मग पोरीचं नाव. अन् बैलाचं बी लिवा."

विश्वजीत म्हणाला, नावाची पट्टी छापून चिकटवतो. सर म्हणाले, नको. त्यांनी दुकानाशेजारच्या हार्डवेअरमधून काळ्या ऑइलपेंटची लहान डबी आणली आणि घरून ब्रश मागवला. विश्वजीतनं शिडी धरली. कोपऱ्यात पुतण्याचा पांढरा शर्ट होता, तेवढीच जागा मोकळी होती. तेवढ्यात पुतण्याही आला. "काका, माझ्या शर्टावर लिहितायत ते."

"लिवू दे," शेठ म्हणाले. "तुझ्या शर्टाला पहिल्यांदा कायतरी किंमत आली."

सरांनी बऱ्याच वर्षांनी भिंतीवर ब्रश टेकवला. पहिली रेघ थोडी तिरपी गेली, पुढच्या सरळ आल्या. 'चित्र : तनुजा कडुबा मोकासे, पिशोर.' त्याखाली, 'बैल : पाखऱ्या.'

छापखान्याच्या मालकांनी त्याच आठवड्यात तनुजाला बोलावलं. हा बैल जालना रोडला पाहिल्यासारखा वाटतो, असं ते म्हणाले. ती म्हणाली, "माझाच आहे. खाली नाव आहे, बघा." त्यांनी खरोखरच जाऊन पाहिलं म्हणे. पुढच्या महिन्यापासून ती कामावर जाऊ लागली आणि खोली सोडायचा विषय निघाला नाही. विश्वजीतच्या मालकानं त्याला दोन शब्द सुनावले, पण काढलं नाही. विश्वजीत मात्र आता काहीही उचलण्याआधी विचारतो. क्लासमधली पट्टी घेतानाही विचारतो, इतकं की बाकीची पोरं त्याला चिडवतात.

दसरा झाला आणि उन्हानं फाटलेला फ्लेक्स उतरला. खाली सरांची पिवळी अक्षरं तशीच होती. सर पुन्हा येता-जाता तिकडे नजर टाकू लागले.

असेच काही दिवस गेले. एका शनिवारी तनुजा क्लासवर आली. दोन्ही हातांत खालच्या टपरीवरचे चहाचे ग्लास होते. एक तिनं सरांपुढे ठेवला.

"आज काय विशेष?"

"सांडूशेठना भिंतीवर पाखऱ्या पाहिजे, सर. फ्लेक्स नको म्हणतात, रंगात पाहिजे. मला सांगितलंय." ती थांबली. "तिथं आधीचं काम आहे एक. कोपऱ्यात हैदर पेंटर असं नाव आहे. हात लावू का?"

सरांनी ग्लास उचलला. एक घोट घेतला. खिडकीतून खालच्या गल्लीतल्या रिक्षांचा कलकलाट येत होता.

"कशी आहेत अजून अक्षरं?"

"'भांडार'चा काना थोडा उडालाय. बाकीची शाबूत आहेत."

"चांगला रंग होता तेव्हाचा," सर म्हणाले. आणखी एक घोट घेतला. "चुन्याचे दोन हात मार. एका हातात भागणार नाही, पिवळं खालून वर येत राहील. आणि शिडी धरायला विश्वजीतला ने."

"म्हणजे लावू ना सर?"

"लाव."